वीज जाते तेव्हा सम्पाचं माप कळतं

मोठ्या सोसायटीत पाण्याच्या दोन टाक्या असतात, एक जमिनीखाली आणि एक गच्चीवर. पंप खालचं पाणी वर चढवतो आणि वरून ते आपल्या भाराने नळांत उतरतं. घरातल्या फिशटँकखाली कपाटात ठेवलेला सम्प याच चालीने चालतो. फरक एवढाच, की इथे पाणी खर्च होत नाही, तेच ते फिरत राहतं. वरच्या टाकीच्या काठाशी केलेल्या दातेरी खाचेतून, म्हणजे ओव्हरफ्लोतून, पाणी ओसंडतं आणि पाइपातून खालच्या काचेच्या टाकीत येतं. तिथे कापडी पिशवीत गाळ अडतो, पुढच्या कप्प्यांत सिरॅमिक रिंगा, स्पंज आणि खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर आपापलं काम करतात, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पाणी पुन्हा वर पाठवतो. हीटर, नळ्या, वायरी असा सगळा पसारा नजरेआड होतो आणि वरच्या टाकीत मासे, दगड आणि वनस्पती तेवढ्या उरतात. (कामगारांच्या संपाशी गल्लत होऊ नये म्हणून इथे हा शब्द ‘सम्प’ असा लिहिला आहे.)

टाकी बनवून घ्यायला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सम्प किती लिटरचा हवा? उत्तरही बहुधा ठरलेलंच मिळतं: वरच्या टाकीच्या एक तृतीयांश. कुणी पाव म्हणतं, कुणी निम्मा म्हणतं, पण मोजायची तऱ्हा तीच, लिटरमागे लिटर. ही तऱ्हाच मुळात चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. पंप चालू असताना सम्प लहान असो वा मोठा, पाणी फिरत राहतं आणि काही बिघडताना दिसत नाही. सम्पाची खरी कसोटी पंप थांबतो त्या क्षणी लागते. तेव्हा वरून किती पाणी खाली येणार आणि ते मावायला किती जागा रिकामी असणार, या दोन आकड्यांवरून सम्पाचं माप काढायला हवं. वरच्या टाकीत एकूण लिटर किती, याचा त्या हिशेबाशी फार थोडा संबंध आहे.

पंप थांबल्यावर काय होतं ते नीट पाहू. पंप चालू असताना वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापेक्षा थोडं वर उभं असतं, कारण तेवढी उंची असल्याशिवाय ते काठावरून वाहूच शकत नाही. ३० सेंटीमीटर रुंदीच्या सलग काठावरून ताशी १५०० लिटर पाणी जात असेल तर काठावर साधारण ८ मिलिमीटरचा थर उभा राहतो. काठ १५ सेंटीमीटरचाच असेल तर तोच थर १३ मिलिमीटरच्या आसपास जातो. पंप बंद पडला की हा थर आधी खाली येतो. त्याच वेळी पाणी वर नेणाऱ्या पाइपात उलटा प्रवास सुरू होतो. त्या पाइपाचं तोंड, म्हणजे नोझल, पाण्याखाली असेल तर सायफन बसतो, आणि नोझल उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत टाकीतलं पाणी त्याच वाटेने खाली ओढलं जातं. काठावरचा थर आणि नोझलची खोली, या दोहोंत जी जास्त ती धरायची आणि टाकीच्या वरच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने गुणायची. त्यात ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपांतलं पाणी मिळवायचं. हा झाला परतीच्या पाण्याचा आकडा.

आपल्याकडे नेहमी दिसणारी चार फुटी टाकी घेऊ: १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. पृष्ठभाग ५४०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली गेलं. नोझल ३ सेंटीमीटर खोल असेल तर १६ लिटर. ओव्हरफ्लोच्या पेटीतले सुमारे ३ लिटर आणि एक इंची पाइपाच्या तीन मीटर लांबीतले दीड लिटर धरले की बेरीज २१ लिटरच्या जवळ जाते. आता टाकीचा आकार बदलू, पण आकारमान तेच ठेवू. ९० बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची उंच टाकी घ्या किंवा १८० बाय ४५ बाय ३० ची लांबट, उथळ टाकी घ्या. तिन्हींचं एकूण आकारमान बरोबर २४३ लिटर आहे. पण तेच ३ सेंटीमीटर उतरताना उंच टाकीतून १२ लिटर येतात आणि उथळ टाकीतून २४. एकाच आकारमानाच्या दोन टाक्यांत परतीचं पाणी दुप्पट-निम्मं होतं. लिटरवर बेतलेला कुठलाही नियम हा फरक पाहूच शकत नाही, कारण फरक पडतो तो पृष्ठभागामुळे.

एक तृतीयांशाचा नियम या तीन टाक्यांना लावून पाहण्यासारखा आहे. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता वरच्या टाकीत २०० लिटर पाणी धरलं तर सम्प ६७ लिटरचा ठरतो, म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ३७ सेंटीमीटर. त्यातले आधीचे कप्पे २५ सेंटीमीटरपर्यंत आणि पंपाचा कप्पा २० सेंटीमीटरपर्यंत भरलेला असेल तर चालू स्थितीत ४३ लिटर पाणी असतं आणि जेमतेम २४ लिटरची जागा रिकामी राहते. उंच टाकीखाली हा सम्प निवांत चालतो. चार फुटी टाकीखाली वीज गेली की पाणी काठापासून पावणेदोन सेंटीमीटरवर येऊन थांबतं, म्हणजे त्या दिवशी कुणी बादलीभर पाणी जास्त घातलं असेल तर फरशीवर आलंच. आणि लांबट टाकीखाली कुणी काहीही चूक न करता पाच लिटर पाणी कपाटात सांडतं. नियम पाळूनही पाणी सांडत असेल तर दोष पाळणाऱ्याचा नाही. प्लायवूडचं कपाट फुगतं, खालच्या घराच्या छताला ओल येते, आणि खारं पाणी एक्स्टेन्शन बोर्डावर गेलं तर जिवाशी गाठ पडते. म्हणून या हिशेबाला मी इतकं महत्त्व देतो.

त्याच चार फुटी टाकीखाली ७५ बाय ३५ बाय ४० सेंटीमीटरचा सम्प ठेवला तर चित्र पालटतं. तेवढीच पातळी ठेवून चालू स्थितीत त्यात ६२ लिटर पाणी राहतं आणि रिकामी जागा ४३ लिटर मिळते. काठाखालचे ३ सेंटीमीटर कधीच भरायचे नाहीत असं ठरवलं तरी ३५ लिटर हाताशी उरतात. परतीचे २१ त्यात सहज मावतात आणि वर १४ लिटरची शिल्लक राहते. ही शिल्लक चैन म्हणून ठेवलेली नाही. नोझलच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडायची पद्धत आहे. पातळी थोडी उतरली की त्या भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो, नोझल कितीही खोल असलं तरी. युक्ती चांगली आहे, पण ते भोक शेवाळाने, मिठाच्या खपलीने किंवा एखाद्या छोट्या गोगलगायीने बुजतं, आणि बुजलंय हे वीज गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून हिशेब भोक बुजलं असं धरूनच करायचा. नोझल ५ सेंटीमीटर खोल असेल तर अशा वेळी ३१ ते ३२ लिटर खाली येतील, मोठ्या सम्पात मावतील. नोझल ८ सेंटीमीटर खोल असेल तर ४८ लिटर येतील आणि हाही सम्प ओसंडेल. म्हणजे सम्पाचं माप वाढवण्याआधी नोझल वर उचलून पाहावं. पाइपाचा एक तुकडा कापण्याने जे साधतं ते वीस लिटरच्या जादा काचेनेही कधीकधी साधत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. पाइपात पाणी उलटं येऊच न देणारी झडप बसवली की एवढा खटाटोप कशाला? झडप स्वच्छ असेपर्यंत हे खरं आहे. पण फिशटँकच्या पाण्यात चिकट थर धरतो, खाऱ्या टाकीत चुन्याचा थर बसतो, आणि झडपेच्या बैठकीत वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. मग पाणी धो धो येत नाही, झिरपत येतं, पण रात्रभर झिरपून पोहोचतं तिथेच. शिवाय काठावरच्या थराला ही झडप काही करू शकत नाही, कारण ते पाणी दुसऱ्याच पाइपाने उतरतं. झडप लावायला हरकत नाही. पण तिच्या भरवशावर सम्प लहान करू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता घरोघरी इन्व्हर्टर आले, पंप थांबतोच कुठे? महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांशी तुलना केली तर शहरांतली स्थिती नक्कीच सुधारली आहे. तरी पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्या मुंबईत वीज जात नाही असं मानलं जायचं तिथेही १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडच्या बिघाडाने ठाणे, नवी मुंबईसह शहर अंधारात गेलं आणि काही भागांत वीज यायला बरेच तास लागले. इन्व्हर्टरची बॅटरी अशा वेळी मध्येच मान टाकते. आणि वीज अजिबात गेली नाही असं धरलं तरी पंप थांबतोच. तो साफ करायचा असतो, खाणं घालताना बंद ठेवायचा असतो, पाणी बदलताना बंद करायचा असतो, आणि कधीतरी तो जळतोही. पंप थांबणं हा अपवाद समजून बांधलेला सम्प पहिल्याच साफसफाईला उघडा पडतो.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: हिशेब हवाच कशाला, मावेल तेवढा मोठा सम्प घ्यावा, जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ पाणी. या समजुतीला जुना आणि आदरणीय वंश आहे. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्गमध्ये आणि मग १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सार्वजनिक मत्स्यालयं उभी केली, तेव्हा प्रेक्षकांच्या टाक्यांपेक्षा कित्येक पट मोठा साठा जमिनीखाली, अंधारात ठेवला. थंड, काळोख्या साठ्यात शेवाळ माजत नसे आणि घाण भरपूर पाण्यात पातळ होऊन जाई. अमोनियाचं रूपांतर करणाऱ्या जीवाणूंना मुद्दाम घर करून देण्याचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, म्हणून लॉइड यांचं ते उत्तर योग्यच होतं. पुढे हे काम गाळणीने उचललं. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या लेखकाने अमेरिकी मासिकातून ओल्या-कोरड्या फिल्टरची ओळख करून दिली आणि टाकीखालचा सम्प घराघरांत शिरला, तो मुख्यतः जीवाणूंचं घर म्हणून. नुसत्या पाण्याच्या साठ्यावर असलेली भिस्त तेव्हापासून कमी झाली.

पण जादा पाण्याने घाण कमी होते हा समज टिकून राहिला, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. समजा माशांच्या खाण्यातून आठवड्याला २८०० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं आणि आपण दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलतो. काही काळाने अशी स्थिती येते की जेवढं नायट्रेट तयार होतं तेवढंच त्या ४० लिटरबरोबर बाहेर जातं. तसं व्हायला बदललेल्या पाण्याच्या प्रत्येक लिटरात ७० मिलिग्रॅम असायला हवं. या भागाकारात टाकीचं आकारमान कुठेच येत नाही. एकूण पाणी २०० लिटर असो, २६० असो की ४००, पाणी बदलायच्या दिवशी आकडा अखेर ७० वरच येऊन ठरतो. जास्त पाणी असेल तर तिथे पोहोचायला जास्त आठवडे लागतात, एवढाच फरक. मोठा सम्प वेळ विकत घेऊन देतो, आणि तो वेळ मोलाचा आहे. दगडामागे एखादा मासा मरून कुजला तर २०० ऐवजी २६० लिटरमध्ये अमोनियाचा तडाखा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने सौम्य होतो. मे महिन्यात पाणी तापायला वेळ लागतो. मात्र ‘सम्प मोठा आहे, चार मासे जास्त चालतील’ हा हिशेब फसवा आहे. आणि एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: वीज गेली की वरच्या टाकीतल्या माशांना सम्पातल्या पाण्याचा काडीचा उपयोग उरत नाही. दोन टाक्यांमधला दुवा तुटतो. खालच्या थांबलेल्या पाण्यात जीवाणू प्राणवायू संपवत राहतात आणि वर मासे आपल्याच टाकीतल्या प्राणवायूवर असतात. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप लावायचा तो वरच्या टाकीत.

मोठ्या सम्पाचा एक धोका मात्र खरोखर आहे, आणि तो शेवटच्या कप्प्यात लपलेला असतो. खाली येणारा पाइप पानाने किंवा शेवाळाने तुंबला तर पंप आपलं काम करतच राहतो आणि कप्प्यातलं पाणी वर फेकत सुटतो. आधीच्या कप्प्यांतलं पाणी मधल्या काचांच्या आडोशाला थांबतं, पंपाच्या कप्प्यातलं तेवढं जातं. आपल्या उदाहरणात हा कप्पा २० बाय ३५ सेंटीमीटरचा आहे, २० सेंटीमीटर भरलेला. पंपाला बुडून राहायला ८ सेंटीमीटर लागतात असं धरलं तर जास्तीत जास्त साडेआठ लिटर वर जातील. वरच्या टाकीत काठाशी ४ सेंटीमीटर मोकळे असतील तर तिथे २१ लिटर मावतात. काही सांडणार नाही. हाच कप्पा कुणी ऐसपैस ४५ सेंटीमीटर लांब करून २५ सेंटीमीटर भरला तर जवळपास २७ लिटर वर जातील आणि या वेळी बैठकीच्या खोलीत पाणी येईल. म्हणजे सम्प मोठा असावा, पण पंपाचा कप्पा बेताचाच ठेवावा.

बेताचा, पण चिमुकला नको, कारण बाष्पीभवनाची सगळी घट याच कप्प्यात दिसते. बाकीच्या कप्प्यांची पातळी काचांच्या उंचीने बांधलेली असते. उघड्या चार फुटी टाकीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर ते २.७ लिटर होतात, आणि आपल्या पंपाच्या कप्प्यात त्यामुळे पातळी जवळजवळ ४ सेंटीमीटर उतरते. तीन दिवसांत पंप हवा ओढायला लागेल. तेवढ्यात खाऱ्या टाकीतली क्षारता ३५ वरून ३६ च्या वर गेलेली असते, कारण मीठ उडत नाही; म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. गणपतीला पाच दिवस गावी जाणाऱ्याने उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारा ऑटो टॉप-ऑफ लावावा, मात्र त्याच्या साठ्याचं पाणीही सम्पाच्या रिकाम्या जागेत मोजावं. फ्लोट स्विच अडकला तर १० लिटरचा तो साठा एका रात्रीत सम्पात रिकामा होतो, आणि त्यानंतर वीज गेली तर परतीचे २१ लिटर त्याच्या डोक्यावर येतात. आपल्या ३५ लिटरमध्ये दोन्ही मिळून मावतात. ६७ लिटरच्या सम्पात मावत नाहीत.

एवढं जमलं की बाकीची मापं सामानावरून ठरतात. स्किमरला किती खोल पाणी लागतं ते त्याच्या कंपनीने दिलेलं असतं, त्यावरून मधल्या काचेची उंची ठरवावी. त्याचा कप वर उचलून काढता येईल एवढी जागा सम्प आणि कपाटाच्या छतामध्ये हवी, नाहीतर दर आठवड्याला तो साफ करायचा कंटाळा येतो आणि मग तो साफ होत नाही. बुडबुडे अडवायला ज्या दोन काचांमधून पाणी नेतात तिथे सम्पाची रुंदी कामाला येते. ताशी १५०० लिटर पाणी ३५ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर फटीतून गेलं तर त्याचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास असतो. फट दुप्पट केली की वेग निम्मा होतो आणि बारीक बुडबुड्यांना वर यायला उसंत मिळते. आणि सम्प कपाटाच्या दारातून आत जातो की नाही हे वरची टाकी भरण्याआधी पाहावं. तो पुढे कधी फुटला किंवा गळला तर बाहेरही त्याच दारातून काढायचा आहे.

दोन फुटी टाकीखाली हे सगळं बसवण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथे एक चांगला कॅनिस्टर फिल्टर बहुतेक काम करतो, आणि बंद नळीचा असल्यामुळे परतीच्या पाण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. सम्प शोभतो तो तीन-साडेतीन फुटांच्या पुढे. तिथे काचेच्या दुकानात माप देताना लिटरचा आकडा सांगण्याऐवजी कागदावर तीन आकडे न्यावेत: टाकीचा पृष्ठभाग, नोझलची खोली आणि कपाटाच्या आतलं मोजमाप. मापं आतली द्यायची की बाहेरची हेही तिथेच स्पष्ट करावं, कारण दोन्ही बाजूंच्या काचेची जाडी मिळून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कधी खाऊन जाते ते कळत नाही.

टाकी बसल्यावर मासे आणण्याआधी एक दिवस यासाठी राखून ठेवावा. सगळं पाण्याने भरून पंप चालू करावा, पातळ्या स्थिर झाल्या की प्लग काढून घ्यावा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत सम्पाकडे पाहत राहावं. नोझलच्या पाइपातलं भोक बोटाने दाबून धरून हेच पुन्हा करावं. दुसऱ्या खेपेलाही काठाखाली तीन बोटं जागा उरली तर पंप सुरू करून, पंपाच्या कप्प्यातली पाण्याची पातळी जिथे स्थिरावते तिथे बाहेरून काचेवर मार्करने रेघ मारावी. घरातलं कुणीही पाणी घालणार असलं तरी या रेघेच्या वर घालायचं नाही. पुढे कधी नोझल बदललं, पंप मोठा आणला किंवा ओव्हरफ्लोची दातेरी कंगवी बदलली, तर जुनी रेघ पुसून हीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते.